सिलातच्या मुलखात : क्वालालंपूर ते कोता भारू

‘पिंच्याक सिलॅट’, म्हणजे मलेशिया-इंडोनेशियाकडच्या सिलात या युद्धकलेचं स्पर्धेतलं रूप, हे नाव आमच्या घरात लेकीमुळे आलं. आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर याच नावानं स्पर्धांचे निकाल छापून येतात. काळा पोशाख, छातीवर जाड कवच, एक लाल कोपरा, एक निळा. ठोशाचा एक गुण, लाथेचे दोन आणि समोरच्याला खाली पाडलं तर तीन, हे गणित तिनंच मला शिकवलं. इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि ब्रुनेई या चार देशांनी १९८० साली जकार्तात ‘परसिलात’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९८७ पासून हा खेळ आग्नेय आशियाई स्पर्धांमध्ये आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांमध्ये त्यात पहिल्यांदा पदकं दिली गेली आणि १६ पैकी १४ सुवर्णपदकं यजमान इंडोनेशियानंच नेली.

डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या बोगोटा इथल्या बैठकीत मलेशियाची ‘सिलात’ आणि इंडोनेशियाच्या ‘पंचाक सिलात’च्या परंपरा, अशा दोन स्वतंत्र नोंदी मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेल्या. त्या नोंदींबद्दल वाचताना माझ्या लक्षात आलं, की गुण, फेऱ्या आणि पंच हा त्यातला फार छोटा भाग आहे. बाकी सगळं गुरू, वाद्यं, पोशाख, लग्नघरं आणि रीतीभातींबद्दल आहे. लेकीला ते बाकीचं बघायचं होतं. मलाही.

रविवार, क्वालालंपूर

विमान वेळेवर पोचलं, सामान आलं. दुपार आम्ही राष्ट्रीय संग्रहालयात, म्हणजे मुझियुम नगारात घालवली. तिथं हांग तुआहचं ब्राँझमधलं भलंमोठं उठावचित्र आहे. पंधराव्या शतकातल्या मलाक्का सल्तनतीचा हा योद्धा सिलातच्या प्रत्येक गप्पांमध्ये भेटणार होता, तेव्हा ओळख आधीच झालेली बरी.

खरी ओळख मात्र रात्री झाली. ओळखीच्या ओळखीतून शहराबाहेरच्या एका वस्तीतला वर्ग बघायची परवानगी मिळाली होती. सिलात जिथं शिकतात त्या जागेला गलांग्गांग म्हणतात. इथला गलांग्गांग म्हणजे शाळेची पत्र्याखालची फरसबंदी जागा. रात्रीची इशाची नमाज आटोपली की नऊच्या सुमाराला माणसं जमायला लागतात. सात-आठ वर्षांची पोरं, कॉलेजच्या मुली, ऑफिसातून तडक आलेले दोघे-तिघे, एक आजोबा. निम्म्याहून अधिक मुलीच होत्या, डोक्याला घट्ट बांधलेला तुडुंग आणि कमरेला पट्टा. शिकवणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक, त्यामुळे सगळे त्यांना ‘चिकगु’ म्हणत होते. मलायमध्ये शाळेतल्या बाईंना आणि सरांना हीच हाक मारतात.

सुरुवात दुव्यानं, म्हणजे प्रार्थनेनं, झाली. सगळे मांडी घालून, तळवे वर करून बसले. मग प्रत्येकानं चिकगुंच्या हातांना हात लावून ते आपल्या छातीशी नेले, मग एकमेकांना तसंच. लहान पोरांनीसुद्धा यात घाई केली नाही. हे होईपर्यंत एकही हात उगारला गेला नव्हता.

हा वर्ग सनी सिलात गायोंग या पंथाचा. मलेशियातल्या मोठ्या पंथांपैकी हा एक. पेराक राज्यातल्या ताइपिंगचे दातुक मओर अब्दुल रहमान (१९१५–१९९१) यांनी तो उभा केला आणि १९६० च्या दशकात त्याची रीतसर संघटना झाली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पट्टे आहेत, दोन हातांच्या झटापटींपासून क्रिस (खंजीर), पारांग (कोयता) आणि भाल्यापर्यंत शिक्षण आहे. सगळे पंथ असेच असतात असं नाही. केदाह राज्यातून आलेला सिलात चकाक जवळजवळ ताठ उभा राहून खेळतात. त्यात नाचासारखे हातवारे नाहीत की खोल बैठक नाही, सगळा भर बचावावर.

चिकगुंनी लेकीला एक लाथ मारून दाखवायला सांगितली. तिनं छान मारली. ते म्हणाले, “लाथ सुंदर आहे. पण पाय परत जमिनीवर येईपर्यंत तुझा डावा हात काय करत होता?” मग त्यांनी एका विद्यार्थ्याच्या हाती लाकडी क्रिस दिला आणि तीच लाथ पुन्हा मारायला लावली. पाय हवेत असतानाच क्रिसचं टोक तिच्या मांडीपाशी पोचलं. स्पर्धेत समोरच्याच्या हातात पातं नसतं. जुन्या सिलातमध्ये ते आहे असं धरूनच चालायचं, आणि समोर एकच माणूस आहे असंही समजायचं नाही. जमीन ओली असेल, अंधार असेल. म्हणून बैठक खाली, वजन मागच्या पायावर आणि एक हात सतत छातीपुढे.

त्यांनी आणखी एक जोडी समजावली, ती पुढं रोज उपयोगी पडली. ‘बुंगा’ म्हणजे फूल, तो डोळ्यांना दिसणारा भाग, हातांची वळणं आणि पावलांची लय. ‘बुआ’ म्हणजे फळ, तोच हात प्रत्यक्ष झटापटीत काय करतो ते. बघ्यांना बुंगा दिसते. बुआ गुरू आपल्या शिष्याला देतो, तीही हळूहळू.

साडेअकराला वर्ग सुटला आणि आम्हाला सक्तीनं कोपऱ्यावरच्या ममाक, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या, टपरीवर नेण्यात आलं. रोती चनाई, डाळ आणि वरून खाली ओतत फेसाळलेला तेह तारिक हा दुधाचा चहा. ज्या पोरांना मघाशी एकमेकांना जमिनीवर लोळवताना पाहिलं, ती एकाच ताटातून खात होती.

थोडं उपयोगाचं : भारतीय पासपोर्टला मलेशियात सध्या ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र भरावं लागतं. नियम बदलतात, निघण्याआधी एकदा बघून घ्या. गलांग्गांगमध्ये जाताना अंगभर कपडे घाला, चपला बाहेर काढा, आखलेली जागा ओलांडून चालू नका आणि फोटोआधी विचारा. काही दाखवायचं असेल तर तर्जनी रोखायची नाही, मूठ मिटून अंगठ्यानं दाखवायचं. वस्तू देताघेताना उजवा हात. रमझानमध्ये बहुतेक वर्ग बंद असतात.

सोमवार आणि मंगळवार, मलाक्का

क्वालालंपूरच्या दक्षिण बसस्थानकावरून मलाक्का दोन तासांवर. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून पहिला दिवस आम्ही कबरी आणि विहिरींना दिला.

हांग तुआहची गोष्ट मलाय घराघरांत ठाऊक आहे. तुआह, जेबात, कस्तुरी, लेकिर आणि लेकिऊ असे पाच जिवलग मित्र एका गुरूकडे सिलात शिकले. तुआह सुलतानाचा आरमारप्रमुख झाला. जावातल्या मजापाहित राज्याच्या एका योद्ध्याला हरवून त्यानं तामिंग सारी नावाचा क्रिस मिळवला. पुढं दरबारातल्या कुणी कान भरले आणि सुलतानानं त्याला मारायचा हुकूम दिला. पंतप्रधानानं, म्हणजे बंदाहारानं, त्याला गुपचूप लपवून ठेवलं. मित्र मेला असं समजून जेबात पेटला, त्यानं बंड करून राजवाडाच ताब्यात घेतला. सुलतानाला पश्चात्ताप झाला, तुआह जिवंत असल्याचं कळलं, आणि जेबातला संपवायला त्यालाच पाठवलं. तुआह गेला. ज्या मित्रानं आपल्यासाठी बंड केलं त्याला त्यानं स्वतःच्या हातानं मारलं.

‘हिकायत हांग तुआह’मध्ये ही गोष्ट अशी आहे. ‘सजारा मलायु’ या दुसऱ्या जुन्या ग्रंथात मात्र मरणारा मित्र जेबात नसून कस्तुरी आहे. खू के किम या ज्येष्ठ इतिहासकारांनी तर २०१२ मध्ये हांग तुआह नावाचा माणूस झालाच नाही असं जाहीरपणे सांगितलं आणि देशभर वाद पेटला. माझ्यापुरतं सांगायचं तर तो होता की नाही याहून मला हे महत्त्वाचं वाटतं, की आजही सिलात शिकणारं प्रत्येक पोर त्या दोघांपैकी बाजू कुणाची घ्यायची हे मनाशी ठरवतं. राजाशी इमान की मित्राला न्याय?

जेबातची म्हणून दाखवली जाणारी कबर जुन्या शहरात जालान कम्पुंग कुलीवर, दुकानांच्या रांगेत बुजलेली आहे. लहानसं आवार, सुमात्रातल्या अचेच्या धाटणीचे कोरीव दगड. आम्ही गेलो तेव्हा एक बाई मुलाला घेऊन आली होती. ती मुलाला म्हणाली, “हा वाईट नव्हता.” आमच्याकडे बघून हसली आणि इंग्रजीत म्हणाली, “शाळेत त्याला तुआह शिकवतात, म्हणून मी त्याला इथं आणते.” शहराबाहेर दुयोंग गावात हांग तुआहची विहीर आहे, ती कधी आटत नाही असा लोकांचा विश्वास आहे. तिथं जाताना ढग फुटल्यासारखा पाऊस आला आणि अर्ध्या तासात पुन्हा कडक ऊन पडलं. चेंदोल खाल्लं. बर्फाचा भुगा, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वरून गुला मलाक्का हा ताडमाडाचा काळपट गूळ. तो गूळ जिभेवर बराच वेळ राहतो.

मंगळवारी लाकडी राजवाडा पाहिला. सुलतान मन्सूर शाहच्या पंधराव्या शतकातल्या राजवाड्याच्या ग्रंथातल्या वर्णनावरून १९८० च्या दशकात बांधलेली ही प्रतिकृती आहे. आत पुतळ्यांच्या देखाव्यात तुआह आणि जेबात समोरासमोर उभे आहेत. लेक बराच वेळ त्यांच्या पायांकडे बघत होती. “दोघांचं वजन मागच्या पायावर आहे,” ती म्हणाली. चिकगुंचा धडा रुजला होता.

राजवाड्याच्या मागची टेकडी चढलं की सेंट पॉलचं छप्पर नसलेलं चर्च आहे आणि इथं मराठी-कोकणी माणसाला थबकावंच लागतं. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कनं पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १५११ मध्ये, मलाक्का जिंकलं. चर्चमध्ये जाळीखाली एक रिकामी कबर आहे. फ्रान्सिस झेवियरचं पार्थिव १५५३ मध्ये काही महिने इथं होतं, नंतर ते गोव्याला नेलं आणि आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बासिलिकात आहे. चर्चसमोर उजवा हात नसलेला त्यांचा पुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे.

मलाक्का पडल्यावर दरबारी घराणी जोहोर, पेराक आणि रियाऊच्या बेटांकडे पांगली. शस्त्रविद्या शिकवणारेही त्यांच्याबरोबर गेले असणार. कित्येक पंथ आपली वंशावळ या पांगलेल्या दरबारापर्यंत नेतात. पूर्वी जी विद्या राजवाड्याच्या पहारेकऱ्यांची होती, ती खेड्यांत शिरली आणि भातशेती, मासेमारी करणाऱ्यांची झाली. मला वाटतं सिलात टिकला तो यामुळे. राजवाडा गेला तरी ओसरी राहिली.

शाकाहारी मंडळींसाठी : बारीक कोळंबी आंबवून, वाळवून केलेलं बलाचान जवळपास प्रत्येक भाजीत असतं, अगदी हिरव्या पालेभाजीतसुद्धा. “साया ताक माकान दागिंग, इकान, उदांग, बलाचान” (मी मांस, मासे, कोळंबी, बलाचान खात नाही) हे वाक्य पाठ करा. मलाक्कात जालान तुकांग एमासवरच्या १७८१ च्या श्री पोय्यात मूर्ती गणपती मंदिरात जाऊन या, तमिळ वंशाच्या चेट्टी समाजाचं ते जुनं देवस्थान आहे. त्याच रस्त्यावर तीनमजली उतरत्या छपराची मशीद आणि थोडं पुढं चिनी मंदिरही आहे.

बुधवार, क्वाला कांगसार

मलाक्काहून रात्री राजधानीत परतलो आणि सकाळच्या विजेच्या रेल्वेनं तीन तासांत पेराकच्या राजनगरीत. मलाक्काच्या शेवटच्या सुलतानाच्या मुलानं सोळाव्या शतकात पेराकची गादी स्थापली. तामिंग सारी म्हणून ओळखला जाणारा क्रिस आजही पेराकच्या राजचिन्हांमध्ये आहे. सुलतानाच्या अभिषेकाच्या वेळी तो लोकांना दिसतो.

आम्ही क्रिस घडवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. घराच्या मागं उघडी भट्टी, शेजारी आंब्याचं झाड आणि त्याखाली साखळीनं बांधलेलं एक माकड, नारळ उतरवायला शिकवलेलं. कारागीर साठीचे, बोलायला संथ. लोखंडाचे निरनिराळे थर एकावर एक ठेवून तापवायचे, ठोकायचे, दुमडायचे, पुन्हा ठोकायचे. त्यातून पात्यावर पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी उमटते, तिला पामोर म्हणतात. पात्याच्या वळणाला लुक म्हणतात आणि लुक नेहमी विषम असतात, तीन, पाच, सात. सरळ पात्याचाही क्रिस असतो, वळणं हवीतच असं नाही. मूठ पात्याशी कोनात वळलेली, कारण क्रिस पिस्तुलासारखा धरायचा आणि भोसकायचा. तलवारीसारखा फिरवण्यासाठी तो नाहीच.

त्यांनी एक जुना क्रिस आणला. दोन्ही हातांनी धरून कपाळापर्यंत नेला, मग अगदी सावकाश, म्यान खाली सरकवत पातं बाहेर काढलं. म्हणाले, “कारणाशिवाय काढायचा नाही. काढला तर तो कुणाच्या समोर काढला हे लक्षात ठेवायचं.” पूर्वी क्रिसमध्ये जीव असतो असं मानत, धूप दाखवत, लिंबाच्या रसानं न्हाऊ घालत. हे काही जणांना आज इस्लामच्या शिकवणीला सोडून वाटतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, “लिंबू मीही लावतो. लोखंडाचा गंज जातो. बाकीचं माझे वडील करायचे.” मला त्या उत्तरात गेल्या शंभर वर्षांचा सिलातचा इतिहास दिसला. मंत्र गेले, दुवा आली. काही घराण्यांमध्ये नवा शिष्य अजूनही पांढरं कापड, लिंबं आणि विड्याची पानं घेऊन गुरूकडे जातो, पण त्यावर आता कुराणातल्या आयती म्हटल्या जातात. जुनं पुसलं गेलं असं म्हणणारे आहेत, शुद्ध झालं असं म्हणणारेही. मी बाहेरची, पण एवढं जाणवलं की हात तेच राहिले आहेत.

जवळच सायोंग गावात काळ्या मातीचे भोपळ्याच्या आकाराचे पाण्याचे सुरई-माठ बनवतात, लाबू सायोंग. त्यातलं पाणी उकाड्यात अमृत लागतं. दुपारी क्वाला कांगसारची लाक्सा, म्हणजे रश्शातल्या शेवया, खाल्ली. १९२६ चा इस्ताना कनांगान राजवाडा बाहेरून पाहिला, विणलेल्या बांबूच्या भिंती आणि खिळ्याविना जोडलेलं लाकूड.

क्रिस विकत घेण्याचा विचार असेल तर थांबा. तो हातसामानात नेता येत नाही. जुन्या वस्तू मलेशियाबाहेर न्यायला २००५ च्या वारसा कायद्यानुसार परवानगी लागते. भारतात ९ इंचांहून लांब पातं शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं. आम्ही नुसती लाकडी मूठ घेतली, कमुनिंगची, पिवळसर रेघांची.

गुरुवार, कोता भारू

पूर्व किनाऱ्यावरचं कलांतान हे अगदी वेगळं राज्य. विमानानं तासाभराचा प्रवास. इथं साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. बोली अशी, की क्वालालंपूरच्या माणसालाही पटकन कळत नाही. १९९१ मध्ये इथल्या सरकारनं मक योंग या जुन्या नृत्यनाट्यावर बंदी घातली होती, ती नंतर सैल झाली. रामायणातल्या कथा सांगणारा वायांग कुलित हा बाहुल्यांचा छायाखेळही अनेक वर्षं अडचणीत होता. सिलातवर अशी वेळ आली नाही. दुव्यानं सुरू होणारा वर्ग कुणाला खुपेल?

संध्याकाळी शहराबाहेरच्या एका गावात आमची वाट पाहत होते एक पाक चिक. पाक चिक म्हणजे काका, आणि गावभर ते याच नावानं ओळखले जात होते. मला त्यांनी पहिल्या मिनिटापासून ‘काक’ म्हणजे ताई म्हटलं आणि लेकीला ‘आदिक’, धाकटं भावंड. त्यांचा गलांग्गांग म्हणजे घरापुढचं वाळू पसरलेलं अंगण आणि नारळाच्या झाडाला टांगलेले दोन बल्ब. दुवा झाला आणि पाऊस सुरू झाला.

कुणीही घरी गेलं नाही. मलाय घर खांबांवर उभं असतं, त्याच्या खाली पुरुषभर उंचीचीही नाही अशी मोकळी जागा. सगळे तिथं शिरले. मान वर करता येत नव्हती, म्हणून सगळ्यांना खाली बसल्यासारखंच खेळावं लागत होतं आणि अचानक ते खोल पवित्रे मला उमगले. क्वालालंपूरच्या फरशीवर जे अवघड दिसत होतं, ते इथं अगदी स्वाभाविक होतं. पाय घोट्यापर्यंत ओले, वाळू चिकटलेली. लेकीला पाक चिकनी चार पावलांचं एक लांगका शिकवलं, म्हणजे पायांच्या हालचालीचा पट. पुढं, तिरकं, खाली, मागं. तिनं ते करताना दोनदा वर बघितलं, तेव्हा त्यांनी खांबाकडे अंगठा दाखवून सांगितलं, “खांबाला डोळे नसतात, पण तो तिथं आहे हे तुला कळतं ना? माणसाचंही तसंच कळलं पाहिजे.”

वरती मक चिक, म्हणजे काकू, स्वयंपाकघरात होत्या. फळीच्या फटीतून खाली हाक मारून चहा-खाऊ देत होत्या. आकोक नावाची अंडी, नारळाचं दूध आणि ताडगुळाची पितळी साच्यात भाजलेली गोड वडी. कलांतानात सगळंच गोड असतं, अगदी आमटीसुद्धा.

शुक्रवार, कोता भारू

सकाळी पासार सिती खदिजा. पैगंबरांच्या पत्नीचं, स्वतः व्यापारी असलेल्या बाईचं नाव या बाजाराला दिलंय, आणि विकणाऱ्याही जवळपास सगळ्या बायकाच. मधल्या चौकात वरून उजेड येतो, त्याखाली रचलेल्या भाज्या, मासे, हळदीची पानं. तिथं नासी कराबू खाल्ला. भाताचा रंग निळा, आपल्या गोकर्णीच्या फुलांचा. सोबत कच्च्या पाल्याची बारीक कापणी, भाजलेला नारळ, मासा आणि बुदू नावाचं आंबवलेल्या माशांचं कालवण. पानागणिक चव बदलते.

दुपारच्या नमाजेनंतर पाक चिकच्या नात्यातलं लग्न होतं. आम्हाला आमंत्रण म्हणण्यापेक्षा हुकूमच होता. नवरदेवाची मिरवणूक आली, पुढं कोम्पांगच्या डफांचा ठेका आणि कागदी फुलांच्या उंच काठ्या. मलाय लग्नात नवरा-नवरी एक दिवसाचे राजा-राणी मानले जातात. दोघं सजवलेल्या मखरात बसली आणि मांडवापुढं जागा मोकळी केली गेली.

मग वाद्यं सुरू झाली. दोन ढोल, एक थोरला एक धाकटा, एक घंटेसारखी गोंग आणि सरुनाई. आपल्या सनईच्याच गोत्रातलं वाद्य, तोच नाकातला धारदार सूर, वादक गाल फुगवून श्वास न तोडता वाजवत राहतो. लग्नमांडवात तो सूर ऐकल्यावर मला क्षणभर आपल्याकडचाच मांडव आठवला. दोन पसिलात, म्हणजे सिलात खेळणारे, पुढं आले. एक तिशीचा, दुसरे पाक चिक स्वतः, भरजरी सांपिंग कमरेला आणि डोक्याला तिरका तांजाक. त्यांनी आधी नवरा-नवरीला वंदन केलं, मग एकमेकांना. आणि मग जे झालं त्याला मारामारी म्हणता येणार नाही. गोंग वाजला की पाऊल, ढोल घुमला की हात. एक पुढं येतो, दुसरा तिरका सरकतो, हातांची फुलं उमलतात, मिटतात. बराच वेळ कुणी कुणाला शिवलंच नाही. मग एकदम, एका ठोक्यावर, तिशीचा तो माणूस वाळूत बसलेला आणि त्याचं मनगट पाक चिकच्या हातात. लोकांनी आरोळी दिली. दोघांनी पुन्हा हाताला हात लावून छातीशी नेला.

हा सिलात पुलुत. पूर्वी खेळणाऱ्यांना चिकट तांदळाचा भात बिदागी म्हणून द्यायचे, त्यावरून हे नाव. लेक माझ्या कानाशी म्हणाली, “आई, ते शेवटचं पाडणं, त्याचे स्पर्धेत तीन गुण असते.” मग थोड्या वेळानं, “पण त्याआधीचं सगळं स्पर्धेत दिसलंच नसतं.” स्पर्धेला मी नावं ठेवणार नाही. तिच्यामुळेच सातासमुद्रापार मुलांना हा खेळ कळला, माझ्या मुलीला कळला. पण तीन फेऱ्यांच्या चौकटीत आदराचं ते पाऊण मिनिट, सरुनाई, वाळू आणि समोर बसलेलं नवं जोडपं मावत नाही. आणि हे सगळं काढून घेतलं तर उरतो तो सिलातचा एक तुकडा. वारसा जपायचा म्हणतात तेव्हा पैसा स्पर्धेकडे आणि मोठ्या रंगमंचांकडे जातो. घराखालच्या त्या ओल्या वाळूकडेही काही जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

जेवणात तुपाचा भात, मटण आणि निघताना प्रत्येक पाहुण्याला कागदी फुलाला बांधलेलं एक उकडलेलं अंडं.

शनिवार

विमान दुपारचं होतं. सकाळी पाक चिक निरोपाला हॉटेलवर आले, सोबत केळीच्या पानात बांधलेला नासी दागांग. लेकीनं त्यांना धीटपणे विचारलं, की युनेस्कोत मलेशियाची वेगळी आणि इंडोनेशियाची वेगळी नोंद, याचं त्यांना काय वाटतं. ते म्हणाले, त्यांच्या गुरूंचे गुरू सुमात्राच्या मिनांगकाबाऊ मुलखातून होडीनं आले होते. त्यांचे दुसरे एक शिक्षक थायलंडातल्या पट्टाणीचे. “त्या वेळी होडीला पासपोर्ट लागत नव्हता. कागद दोन असू देत. दोन्ही कागदांवर सिलात लिहिलंय ना?” मग त्यांनी लेकीला पार्किंगमध्ये ते चार पावलांचं लांगका पुन्हा करायला लावलं आणि तिसऱ्या पावलाचा कोन सुधारला.

जाणार असाल तर पूर्व किनाऱ्यासाठी मार्च ते ऑक्टोबर निवडा, नोव्हेंबरपासून तिकडे मोसमी पावसाचा जोर असतो आणि पूर येतात. कोता भारूच्या गलांग्गांग सनी या सांस्कृतिक केंद्रात सिलात, वायांग कुलित आणि भोवऱ्यांचे कार्यक्रम होतात, वेळापत्रक तिथल्या पर्यटन कार्यालयात विचारा. खेड्यातला वर्ग बघायचा असेल तर हॉटेलवाल्याला, टॅक्सीवाल्याला, मशिदीजवळच्या चहावाल्याला विचारा. कुणाचा तरी मामा किंवा चुलता गुरू असतोच. रात्री नऊनंतर जा, काहीतरी खाऊ घेऊन जा आणि बोलावलं नाही तोवर कडेला बसून राहा.